विकताना 'या दादा', विकल्यावर 'बघतो सर' : आपल्याकडच्या कार शोरूमचे अनुभव

खानदेशी_चाकं :
नमस्कार मंडळी. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवी गाडी घेतली, पेट्रोल, चार मीटरच्या आतली, जळगावातल्या एका शोरूममधून. गाडी चांगलीये. तक्रार आहे ती विकणाऱ्यांची, आणि विकून झाल्यावर ओळखही न दाखवणाऱ्यांची.

सुरुवात कोटेशनपासून. तोंडी सांगितलेला ऑन रोड भाव एक आणि बुकिंगचे पैसे भरल्यावर हातात आलेला कागद दुसराच. त्यात हँडलिंग चार्जेस साडेआठ हजार, आणि 'बेसिक किट' म्हणून मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, परफ्यूमची बाटली असं सगळं मिळून बावीस हजार. मी म्हटलं किट नको मला, सीट कव्हर मी बाहेर शिवून घेईन. तर म्हणे सर, किटवाली गाडीच आखाजीला देता येईल, बिनकिटची पाहिजे तर महिनाभर थांबा. घरी बहिणी माहेराला आलेल्या, आईनं पूजेची तयारी केलेली, आणि हे त्या पोराला माझ्याइतकंच माहिती होतं. खानदेशात आखाजीला कोण गाडी पुढे ढकलतो?

डिलिव्हरीनंतर कागद नीट वाचले तर फॉर्म २१ वर, म्हणजे डीलरच्या विक्री दाखल्यावर, उत्पादनाचा महिना मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. भाव मात्र यंदाचा. विचारलं तर 'सर स्टॉक तसाच येतो'.

आता खरी डोकेदुखी, एसी. गावात एकदम गार. धुळ्याला निघालो की पाळधी, एरंडोलपर्यंत मस्त, पारोळ्याच्या आसपास हवाच कमी होत जाते. ब्लोअरचा आवाज पूर्ण, पण जाळीतून वारा नाही, आणि जो येतो तो कोमट. चहाला थांबलं की गाडीखाली पाण्याचं थारोळं होतं आणि परत निघालो की पुन्हा गारेगार. बाहेर ४४ डिग्री, मागे आई बसलेली, काय हाल होतात सांगायला नको. वर्कशॉपला गाडी नेली की ते आवारात दहा मिनिटं एसी लावतात, हात लावून बघतात, 'सर कूलिंग ओके आहे' म्हणतात आणि गाडी धुऊन परत देतात. एकदा तर जॉब कार्डवर 'एसी चेक, ओके'. दरवेळी हेच उत्तर. गाडी मात्र चकाचक धुतात, ते नाकारत नाही.

पैसे गेले ते गेले. पण त्यांच्या बोलण्यात तो जो निवांतपणा असतो ना, त्यानं जास्त डोकं फिरतं. या कंपनीचं जिल्ह्यात एकच वर्कशॉप आहे, मी जाणार कुठे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. कोणाला असा अनुभव? आणि पुढे काय करावं?

लळिंगवाला :
आमना धुयामा बी हाईच गत शे भो. फरक इतकाच की आमच्याकडे किटला 'एसेन्शियल पॅक' म्हणतात. माझ्या कोटेशनात तर 'आरटीओ व इतर' अशी एकच ओळ होती. आता तो 'इतर' कोण ते विचारायचं नाही. मी विचारलं. आपल्याकडे दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के टॅक्स, डिझेलला १३, नोंदणीची फी ६००, कर्जाची नोंद असेल तर त्याचे १५००. एवढं कागदावर मांडून त्याच्यापुढे ठेवलं तर वरचे सहा हजार कशाचे ते सेल्स मॅनेजरलाही सांगता येईना. शेवटी म्हणे 'सर, स्मूथ प्रोसेसचे'. नंबर प्लेटचेही वेगळे लावले होते. एक एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीची हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीनंच द्यायची आहे.

दोन्ही काढायला लावले. पण त्यानंतर डिलिव्हरीच्या दिवशी आमच्याशी कोणी धड बोललं नाही. हार नाही, पेढा नाही, फोटो नाही. बायको अजून त्यावरून बोलते.

केळीबाग_रावेर :
फोटोसाठी सहा हजार द्यायचे होते मग 😄

भाऊ, तुमचा फॉर्म २१ चा मुद्दा महत्त्वाचा आहे. आम्ही गाडी घेताना आधी टायर बघितले. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. त्यावरून गाडी केव्हाची असेल याचा अंदाज येतो. नंतर चेसिस नंबर मागितला आणि सांगितलं की उत्पादनाचा महिना लिहून द्या, मगच उरलेले पैसे आरटीजीएस करतो. गाडी जुन्या वर्षाची असली म्हणून वाईट नसते, पण मग सूट पाहिजे ना. पाच वर्षांनी विकायला काढली की घेणारा पहिलं वर्षच विचारतो.

शांत_गिरणा :
चाळीसगावहून लिहितेय. माझा अनुभव थोडा वेगळा. गाडी माझी, कर्ज माझ्या नावावर, चालवते मी. शोरूममध्ये मात्र पहिला प्रश्न 'साहेब नाही आले का?' मायलेज, बूट स्पेस, इंजिन, जे विचारेन त्याला उत्तर रंगाचं. 'मॅडम हा रंग लेडीजमध्ये खूप चालतो.' अरे पण मी ग्राउंड क्लिअरन्स विचारलाय, आमचा भडगावचा रस्ता बघितलायस का!

वर्कशॉपचं सांगते. पहिली सर्व्हिस फ्री म्हणून गेले. अॅडव्हायझरनं टॅबवर एस्टिमेट दाखवलं, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग, एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग, फ्युएल अॅडिटिव्ह, एकूण सात हजारांच्या घरात. एक हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला! मी डॅशबोर्डमधून कंपनीचं पुस्तक काढलं, मागे सर्व्हिस शेड्यूलचा तक्ता असतो, आणि म्हटलं यातलं या पानावर काय काय आहे तेवढं मला बोटानं दाखव. एकही नव्हतं. सगळं खोडलं. बिल आलं शून्य, वर 'मॅडम तुम्ही फारच बारकाईनं बघता हो' असं सर्टिफिकेट. बँकेत बसते मी, बारकाईनं बघायचाच पगार घेते.

खानदेशी_चाकं :
@शांत_गिरणा ताई, पुस्तकातला तक्ता भारीच. आमच्या बिलात एसी डिसइन्फेक्टंट लावलंय त्यांनी, आणि एसीच चालत नाहीये.

काउंटरच्या_पलीकडून :
मी एका शोरूमला सेल्समध्ये आहे, कोणत्या ते विचारू नका. एकतर्फी चाललंय म्हणून लिहितो. छोट्या गाडीत डीलरला सुटतं किती याची कल्पना आहे का कोणाला? यार्डात उभ्या गाडीवर बँकेचं व्याज चालू असतं. कस्टमर जळगावचा भाव घेतो, धुळ्याला फोन करतो, मग नाशिक, मग संभाजीनगर, आणि सगळ्यात कमी भावाचा व्हॉट्सअॅप आम्हाला दाखवून म्हणतो याच्यापेक्षा पाच हजार कमी कर. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला तेव्हा त्याआधी महिनाभर शोरूममध्ये माशा मारत होतो, आणि नंतर एकदम झुंबड. पगार आमचा तोच. इन्सेन्टिव्ह गाडीवर कमी, इन्शुरन्स, अॅक्सेसरीज आणि लोनवर जास्त. मग पोरगा किट विकणार नाही तर काय करणार? वरून फीडबॅकचा कॉल येतो, त्यात दहापैकी नऊ दिले तरी आमचे पैसे कापतात.

लळिंगवाला :
@काउंटरच्या_पलीकडून दादा, तुमच्या पोटावर कोणी उठलेलं नाही. सुटत नसेल तर भाव सरळ वाढवून सांगा, घ्यायचं की नाही ते आम्ही ठरवू. हँडलिंग म्हणजे गोडाऊनमधून शोरूममध्ये गाडी आणायचे पैसे ना? ते गाडीच्या किमतीत धरलेले असतात. धुळ्यात उसळ घ्यायला गेलो तर टपरीवाला पातेलं उचलायचे वेगळे लावत नाही.

आणि बुकिंग झाल्यावर सांगू नका. एवढंच म्हणणंय.

काउंटरच्या_पलीकडून :
बुकिंगआधी सांगितलं तर गिऱ्हाईक समोरच्या शोरूमला जातं. जो आधी खरं सांगतो त्याचा भाव जास्त दिसतो. मी नवीन होतो तेव्हा सगळं लिहून द्यायचो, महिनाअखेरीस टार्गेटच्या बोर्डवर माझ्या नावापुढे भोपळा. मॅनेजरनं शिकवलं, आधी टोकन घे, मग कागद दे.

हे वाईट आहे हे मलाही कळतं. पण इथे जे मला शिव्या घालतायत त्यातल्या किती जणांनी गाडी भाव तोडूनच घेतलीय ते सांगा.

खानदेशी_चाकं :
मी तोडलेला नाही भाऊ भाव. तरी तुमच्यासारखा खरं बोलणारा आमच्या शोरूमला मिळाला असता तर बरं झालं असतं.

बरं इन्शुरन्सवरून आठवलं. ते म्हणाले आमच्याकडूनच घ्या, नाहीतर कॅशलेस मिळणार नाही. हे खरंय का? त्यांचा आकडा बाहेरच्यापेक्षा बराच जास्त होता.

काळा_कोट :
साफ खोटं. कॅशलेस हे विमा कंपनीचं आणि त्या वर्कशॉपचं टायअप आहे का यावर ठरतं, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. डीलरकडूनच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही. इर्डाची, म्हणजे विमा नियामकाची, डीलरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१७ पासून आहेत, त्यातही ग्राहकाला निवड आहे.

तुलना कशी करायची ते सांगतो. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा लागतो. त्याचा दर सरकारी आहे. २०२२ ला ठरलेल्या दरानं १००० ते १५०० सीसी गाडीला १०,६४० रुपये अधिक जीएसटी, आणि तो कुठूनही घ्या तेवढाच. म्हणजे फरक पडतो तो सगळा ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि अॅडऑनमध्ये. तेवढीच ओळ दोन्ही कोटेशनात समोरासमोर ठेवा, आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, मात्र सारखी करून. आयडीव्ही कमी करून स्वस्त दाखवणारे बाहेरही आहेत.

एसीचं मला कळत नाही, पण पुरावा जमवा. तोंडी तक्रार म्हणजे तक्रारच नाही. जॉब कार्डवर त्यांच्या शब्दात नाही, तुमच्या शब्दात लिहायला लावा: 'एक तास हायवेला चालल्यावर हवा कमी होते'. नाही लिहिलं तर तिथेच उभं राहून तोच मजकूर ईमेल करा, डीलरला आणि कंपनीला, दोघांनाही.

सातपुडा३९ :
तुमचं जिल्ह्यात एक तरी आहे हो. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात या कंपनीचं नुसतं डिस्प्लेचं शोरूम आहे, विकायला दोन खुर्च्या आणि एक पंखा, सर्व्हिस म्हटलं की 'धुळ्याला न्या'. शहाद्याहून धुळे म्हणजे दिवस गेला. सर्व्हिस व्हॅन येते म्हणतात, ती कानबाईच्या उत्सवासारखी वर्षातून एकदाच. घ्यायच्या आधी मात्र सांगितलेलं की 'इथेच सगळं होतं सर'.

नवापूरकडचे लोक सरळ व्याऱ्याला नाहीतर सुरतला जातात. मला शंका होती की महाराष्ट्रात घेतलेल्या गाडीची वॉरंटी गुजरातमध्ये चालेल का. विचारलं तर चालते, कंपनीची वॉरंटी आहे, डीलरची नाही. देशातल्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला नेता येते. सुरतला नेली, त्यांनी एकदाही विचारलं नाही गाडी कुठून घेतली म्हणून.

जुना_अॅडव्हायझर :
सहा वर्षं सर्व्हिस अॅडव्हायझर होतो, आता स्वतःचं गॅरेज आहे, म्हणून मोकळं लिहितो.

@खानदेशी_चाकं भाऊ, तुमची लक्षणं वाचूनच सांगतो, इव्हॅपोरेटरवर बर्फ जमतोय. डॅशच्या आत जी कॉइल असते ती शून्याखाली जाऊ नये म्हणून तिथे एक छोटा सेन्सर असतो, थर्मिस्टर. कॉइल फार गार झाली की तो कॉम्प्रेसर बंद करायला लावतो. तो चुकीचं वाचत असला की कॉम्प्रेसर चालूच राहतो, कॉइलवर बर्फाचा थर चढतो आणि हवा जायला जागाच राहत नाही. ब्लोअरचा आवाज येतो पण वारा येत नाही ते यामुळे. थांबल्यावर जे थारोळं दिसतं ते वितळलेल्या बर्फाचं पाणी. गॅस कमी असला तरी बर्फ होऊ शकतो, म्हणून आधी गेज लावून प्रेशर बघायचं. एक्सपान्शन व्हॉल्व्हही बघायचा. पण आवारात दहा मिनिटं एसी लावून यातलं काहीच दिसणार नाही, बर्फ व्हायला वेळ लागतो.

(चालताना गार आणि सिग्नलला थांबल्यावर गरम, असं ज्यांचं असेल त्यांनी कंडेन्सरचा फॅन बघायला लावा. तो वेगळा रोग.)

आता ते का बघत नाहीत ते सांगतो. वॉरंटीच्या कामाचे पैसे कंपनी देते, ते ठरलेल्या तासांच्या हिशोबानं आणि रोखीच्या कामापेक्षा कमी. डॅश खोलायचं काम अर्ध्या दिवसाचं, कंपनी धरणार त्याहून कमी. जुना पार्ट कंपनीला दाखवावा लागतो, निदान चुकलं तर क्लेम परत येतो आणि भुर्दंड वर्कशॉपला. त्याच वेळात तोच टेक्निशियन तीन पेड सर्व्हिस काढतो. मला रोज सकाळी मॅनेजर 'पर जॉब कार्ड व्हॅल्यू किती' विचारायचा, 'किती गाड्यांचा प्रॉब्लेम सुटला' हे कधी विचारलं नाही.

आणखी एक आतली गोष्ट. एकच तक्रार परत आली की सिस्टममध्ये ती 'रिपीट' म्हणून दिसते आणि कंपनीचा माणूस जाब विचारतो. म्हणून दुसऱ्यांदा आलात की तुमची तक्रार वेगळ्या शब्दात टाकतात. पहिल्यांदा 'कूलिंग कमी', मग 'एसी चेक', मग 'जनरल चेकअप'. तुमची सगळी जॉब कार्डं काढून बघा.

खानदेशी_चाकं :
आत्ता कपाटातून काढली. तुम्ही म्हणता तसंच!! पहिल्यावर 'एसी कूलिंग लो', पुढच्यावर 'एसी चेक', आणि शेवटच्यावर तर फक्त 'वॉशिंग अँड जनरल चेक'. मी काय गाडी धुवायला तिथे जात होतो? आमच्या गल्लीत पोरगं दीडशे रुपयात धुतं.

जुना_अॅडव्हायझर :
बस, हेच कागद तुमचं हत्यार. फोटो काढून कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, डीलरला फक्त प्रत. मजकुरात 'रिपीट कम्प्लेंट' हे दोन शब्द टाका आणि एरिया सर्व्हिस मॅनेजरबरोबर हायवेवर एकत्र टेस्ट ड्राइव्ह मागा. दुपारची वेळ मागा, संध्याकाळची नको. पार्ट बदलला तर बदललेल्या पार्टचं नाव बिलावर पाहिजे, शून्य रुपयाचं का असेना. वॉरंटी संपल्यावर तेच परत झालं तर ते बिल लागेल.

अंगावर ओरडू नका मात्र कोणाच्या. समोर बसलेला अॅडव्हायझर बावीस-तेवीसचं पोर असतं, त्याच्या हातात काही नसतं. आमच्या तोंडावर चावी फेकलेले लोक मला अजून आठवतात.

केळीबाग_रावेर :
एक कडू बोलू का? आपल्याकडे भांडण होतच नाही कारण गाडी ओळखीतून घेतलेली असते. शोरूमचा मॅनेजर कोणाच्या तरी साडूचा मित्र, मालक समाजाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत. माझ्या काकांच्या गाडीचा क्लच पहिल्याच वर्षी गेला, वॉरंटीत बसत नाही म्हणून पैसे लावले, तर काका म्हणे 'जाऊ दे, आपलाच माणूस आहे, लग्नात भेट होते'. आपला माणूस म्हणून त्यानं एक रुपया कमी केला नव्हता हो. ओळखीचा उपयोग फक्त तक्रार गिळायला.

शांत_गिरणा :
+१. आणि सूट किती मिळाली विचारलं तर 'ओळखीनं करून दिलं' एवढंच सांगतात. तीच सूट शोरूमच्या दारावरच्या बॅनरवर सगळ्यांसाठी लिहिलेली असते.

धागा_व्यवस्थापक :
मध्येच दोन प्रतिसाद उडवलेत, त्यात शोरूमचं आणि एका कर्मचाऱ्याचं नाव, फोन नंबर होता. अनुभव लिहा, नावं नकोत.

खानदेशी_चाकं :
अपडेट. ईमेल केली, जॉब कार्डांचे फोटो जोडून. इतके दिवस फोन न उचलणाऱ्या वर्कशॉपचा दुसऱ्याच दिवशी स्वतःहून फोन, 'सर आपण कंपनीला कशाला लिहिलं, आम्ही होतो ना'. कंपनीचा माणूस आला, भला वाटला. दुपारी दीडला निघालो. एरंडोलला तो म्हणे कूलिंग तर मस्त आहे. मी म्हटलं बसा अजून थोडं. पारोळ्याच्या अलीकडे वारा गेला. त्यानं ब्लोअर चारवर केला, जाळीला हात लावला, माझ्याकडे बघितलं, आणि शर्टाचं वरचं बटण काढलं. गाडी बाजूला घेतली, खाली वाकून पाणी बघितलं आणि पहिलं वाक्य, 'हे आधी कोणी हायवेला चालवून बघितलंच नाही का?'

थर्मिस्टर बदललं, गॅसचं प्रेशरही बघितलं, बिलावर पार्टचं नाव आलंय. परवा धुळ्याला जाऊन आलो, आई मागे बसून म्हणे एसी कमी कर, गारठले. @जुना_अॅडव्हायझर दादा, शेवभाजी लागू तुमची, कधीही या.

हँडलिंगचं मात्र अडलंय. परत द्या म्हटलं तर साडेआठ हजारांचं अॅक्सेसरीजचं व्हाउचर देतो म्हणाले. म्हणजे अजून मॅट घ्या! नको म्हणून सांगितलं.

काळा_कोट :
व्हाउचर घेऊ नका, घेतलं की मिटलं असं म्हणतील. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बऱ्याचदा तिथूनच कंपनी हलते. सोबत डीलर आणि कंपनी दोघांना लेखी नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत देऊन, स्पीड पोस्टानं. त्यात हँडलिंगची पावती आणि फॉर्म २१ ची प्रत जोडा, उत्पादन वर्षाचा मुद्दाही त्यातच घ्या.

नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीला का असेना. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आयोग आहे. पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेला फी नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत पाहिजे. वकील लागतोच असं नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते. वेळ जातो, हे खोटं सांगणार नाही.

लळिंगवाला :
दोनशे रुपये! बेसिक किटमधल्या परफ्यूमपेक्षा स्वस्त.

काउंटरच्या_पलीकडून :
@खानदेशी_चाकं हँडलिंगची वेगळी पावती दिलीय का तुम्हाला, की गाडीच्या बिलातच आहे? वेगळी असेल तर ती नीट जपून ठेवा, झेरॉक्स द्या, मूळ पावती 'बदलून देतो' म्हणून मागतील. यापेक्षा जास्त मी लिहू शकत नाही.

खानदेशी_चाकं :
वेगळीच आहे. आणि मागितलीय त्यांनी, काल फोन आला होता 😀

सातपुडा३९ :
काळा कोट दादा, नोटिशीचा नमुना इथेच टाका ना. आमच्या शहाद्यात चार जणांना लागेल.